अन्नपदार्थांची प्रयोगशाळेत तपासणी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नमुना घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण खिडकीवर एकच वाक्य बोलतो: "हे चांगलं आहे का, तेवढं बघून द्या." या वाक्यावरून आम्हाला एकही चाचणी लावता येत नाही. दूध उत्पादक, बचत गटाच्या ताई, मसाल्याचा छोटा कारखाना चालवणारे, घरी आणलेल्या पनीरवर संशय आलेले ग्राहक, असे सगळेच आमच्याकडे येतात. त्यांच्याशी रोज होणारे बोलणे इथे एकत्र लिहिले आहे.

"सगळं तपासून द्या" म्हटलं तर चालत नाही का?

नाही चालत, आणि त्यात आमचा आळस नाही. प्रत्येक चाचणी एकच गोष्ट शोधते आणि जे शोधले नाही त्याबद्दल अहवाल काहीच बोलत नाही.

प्रथिनांचेच उदाहरण घ्या. नेहमीच्या पद्धतीत प्रथिने थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणतात. बहुतेक पदार्थांसाठी ६.२५, दुधासाठी ६.३८. चीनमध्ये याच पळवाटेचा फायदा घेऊन पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला लागणारे रसायन मिसळले गेले. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे प्रथिने कागदावर बरोबर दिसत होती. २००८ साली प्रकरण उघडकीला आले तोवर सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली होती आणि सहा बाळांचा जीव गेला. चाचणीने तिचे काम चोख केले होते. मेलामाइन आहे का, हे मात्र कोणी विचारलेच नव्हते.

आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांनीही २०१० मध्ये हे भोगले. युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागेत 'सीसीसी' म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे, अंश सापडले. निर्यातीपूर्वी माल तपासला होता, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. कंटेनर अडकले, शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर ते यादीत आले. आज पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली निर्यातीच्या द्राक्षांत कितीतरी रसायनांचे अंश तपासले जातात, पण ती यादीसुद्धा दर हंगामाला पाहावी लागते.

मग कोणती चाचणी सांगायची, हे आम्हाला कसं कळणार?

चाचणीचे नाव तुम्ही सांगायची गरज नाही. काळजी कशाची आहे, ते सांगा. "चिवडा महिनाभरात खवट होतो" एवढे सांगितले तरी पुरते. आम्ही ओलावा, तेलातली मुक्त मेदाम्ले आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खराब झाले ते सांगणारे आकडे) बघतो. "लोणच्याला बुडबुडे येतात" म्हटले की आम्लता, मीठ आणि यीस्ट-बुरशीची गणना. मसाल्यात माती-रेती मिसळल्याचा संशय असेल तर मसाला जाळून उरलेली राख आम्लात टाकतो. जी विरघळत नाही ती बहुतांशी रेती. खवा-पनीर असेल तर स्निग्धांश, स्टार्च आणि हाताळणीतून आलेले जंतू.

पदार्थ कुठे विकणार, तेही सांगा. गावच्या आठवडी बाजारात जाणारी मिरची पूड आणि युरोपात जाणारी मिरची पूड यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, त्यामुळे तपासणीही वेगळी लागते.

नमुना किती आणि कसा आणायचा?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, कारण अहवाल चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. यंत्र लाखमोलाचे असले तरी त्यात जातो तो तुम्ही दिलेला चमचाभर नमुना.

शेंगदाण्याचे पोते घ्या. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे निर्दोष असतात आणि मोजक्या दाण्यांत विष ठासून भरलेले असते. वरवरचे मूठभर दाणे आणले तर अहवाल स्वच्छ येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पोत्यात पोकळ नळी खुपसून वरून, मधून, तळातून आणि एकाहून जास्त पोत्यांमधून दाणे काढायचे, सगळे एकत्र करून ढीग करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग. असे करत पुरेसे दाणे उरले की तो नमुना. त्यातले चांगले दाणे निवडून आणू नका. वाईट दाणेही निवडून आणू नका.

दुधाचे तंत्र वेगळे. दूध उभे राहिले की साय वर येते. वरचे दूध काढले तर फॅट जास्त लागते, तळाचे काढले तर कमी. नमुना घेण्याआधी एका भांड्यातून दुसऱ्यात हलक्या हाताने दोन-तीनदा ओतून ते एकजीव करा.

जंतूंची तपासणी हवी असेल तर घरची धुतलेली बरणी चालत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक पिशवी किंवा बाटली घ्या, ती शेवटच्या क्षणी उघडा, पदार्थाला हात लावू नका आणि बर्फाच्या डब्यातून लवकरात लवकर पोचवा. उन्हाळ्यात एसटीच्या टपावर तीन तास तापलेले पनीर आले, तर त्यात सापडलेले जंतू तुमच्या कारखान्यातले की प्रवासात वाढलेले, हे कोणीही सांगू शकत नाही. पाकीटबंद माल असेल तर सीलबंद पाकिटेच आणा, सगळी एकाच बॅचची.

दूध संकलन केंद्रावर फॅट कमी लागतं. प्रयोगशाळेत आणल्यावर खरं कळेल का?

कळते. केंद्रावरचे मिल्क ॲनालायझर झटपट आकडा देते, पण त्याची सफाई आणि कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतो का, याची जुळणी) नीट नसेल तर आकडा सरकतो. ज्या जुन्या पद्धतीशी ते पडताळतात ती गर्बर पद्धत.

तिची काच वेगळी असते, ब्युटिरोमीटर म्हणतात तिला. खाली फुगीर, वर आकडे कोरलेली बारीक मान. आधी १० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. मग १०.७५ मिली दूध, काचेच्या कडेने हळूच, म्हणजे दोन थर वेगळे राहतात. वर १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवले की दूध आधी फुटते, मग विरघळून तपकिरी होते आणि काच हाताला चटका बसेल इतकी तापते. म्हणून ती फडक्यात गुंडाळून धरतात. आम्लाने प्रथिने विरघळवलेली असतात, स्निग्धांश तेवढा मोकळा राहतो. सेंट्रिफ्यूजमध्ये चार-पाच मिनिटे फिरवून ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले की मानेत मधासारख्या रंगाचा स्वच्छ स्तंभ उभा राहतो. त्याची उंची म्हणजे फॅट.

तक्रार घेऊन येताना एक गोष्ट लक्षात ठेवा. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी आणि शेवटच्या धारांत जास्त असते. वासराला शेवटच्या धारा सोडल्या, तर केंद्रावर गेलेल्या दुधाचे फॅट खरोखरच कमी असणार. म्हणून केंद्रावर घातलेल्या त्याच दुधाचा, त्याच वेळी, त्यांच्या समोर बाटलीत घेतलेला नमुना आणा. घरून दुसऱ्या दिवशी आणलेल्या दुधावर वाद मिटत नाही.

लॅक्टोमीटरची डिग्री बरोबर आली म्हणजे दूध शुद्ध ना?

नाही. लॅक्टोमीटर फक्त घनता दाखवतो. पाणी घातले की डिग्री उतरते. त्यातच साखर, मीठ किंवा युरिया टाकला की ती पुन्हा चढते. साय काढून घेतली तरीही डिग्री वाढते. म्हणून डिग्री आणि फॅट दोन्ही एकत्र बघावे लागतात. गायीच्या दुधाला किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हे कायद्यातले मानक आहे.

युरियाबद्दल गैरसमज फार आहेत. दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो, म्हणून "युरिया आढळला" एवढ्यावरून भेसळ ठरत नाही. मर्यादा ७०० पीपीएमची, म्हणजे किलोला ७०० मिलिग्रॅमची आहे. तिच्या वर गेले तर प्रश्न. चाचणीत आलेला नुसता रंग पाहून शेजारच्या गवळ्याला भेसळखोर ठरवू नका. त्याचे घर त्या धंद्यावर चालते.

घरच्या घरी करायच्या चाचण्या विश्वासाच्या आहेत का?

काही चांगल्या आहेत. थंड केलेल्या दुधात किंवा कुस्करून उकळलेल्या, गार झालेल्या पनीरवर आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर स्टार्च आहे. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, 'डार्ट' या नावाने अशा सोप्या चाचण्यांची पुस्तिकाच काढली आहे, ती जरूर बघा. त्यांची फिरती प्रयोगशाळाही असते. गावात आली तर मुलांना घेऊन जा.

मधाच्या बाबतीत मात्र घरची एकही युक्ती भरवशाची नाही. पाण्यात तळाशी जातो, कागद भिजवत नाही, मुंग्या लागत नाहीत, यातले काहीही चांगल्या साखरपाकाला जमते. प्रयोगशाळेतही भेसळ करणारे चाचणी बघूनच पाक बनवतात. मका किंवा उसाची साखर पकडणारी चाचणी आली तेव्हा तांदळाचा पाक वापरात आला. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचा मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर या चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणाऱ्या पद्धतीने तपासून घेतला, तेव्हा तीनच ब्रँड टिकले. कंपन्यांनी ते निष्कर्ष मान्य केले नाहीत.

हळद पिवळीधमक आहे. काळजी करावी का?

नुसता रंग चांगला असणे हा दोष नाही. सांगलीच्या पेठेत उत्तम रंगाची हळद येतेच. काळजी दोन गोष्टींची. एक, मेटॅनिल यलो हा खाण्यासाठी बंदी असलेला रंग. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर गुलाबी-जांभळा रंग येऊन तो पाणी घातल्यावरही टिकला, तर संशय पक्का. आम्ल भाजते, तेव्हा ही चाचणी स्वयंपाकघरात मुलांसमोर करू नका. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: हळकुंडाला चकाकी यावी म्हणून चोळलेले लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला पिवळा रंग. त्यातले शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. हळदीत शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे आणि ते मोजायला धातूंचे बारीक अंश पकडणारे आयसीपी-एमएससारखे यंत्रच लागते. हळकुंडे आणून घरी दळली म्हणजे सुटलो, असे समजू नका. हा लेप हळकुंडावरच असतो.

तूप शुद्ध आहे का, हे एका चाचणीत कळतं का?

एका चाचणीत नाही. पूर्वी वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळण्याची कायद्याने सक्ती केली होती, ते अशासाठी की तुपात वनस्पती मिसळले तर बाउडॉइन चाचणीत लाल रंग येऊन चोरी पकडली जावी. पण ज्या तेलात तीळच नाही, ते तेल ही चाचणी पकडत नाही. म्हणून आता मेदाम्लांचा पूर्ण आलेख काढतात आणि बीटा-सिटोस्टेरॉल शोधतात. हा पदार्थ वनस्पतींच्या तेलात असतो. दुधाच्या स्निग्धांशात त्याला जागा नाही.

विदर्भातल्या उत्पादकांनी एक लक्षात ठेवावे. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाची आरएम व्हॅल्यू (तुपातल्या उडून जाणाऱ्या मेदाम्लांचे मोजमाप) मुळातच कमी येते, आणि कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी मानकांनी हा फरक धरला आहे. तूप कोणत्या भागातले आहे, ते नमुन्यासोबत लिहून द्या.

बुरशी आलेले शेंगदाणे भाजून वापरले तर?

वापरू नका, विकू तर अजिबात नका. भाजल्याने बुरशी मरते, अफ्लाटॉक्सिन मात्र पूर्ण जात नाही. ते यकृतावर घाला घालते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. बहुतेक गरीब आदिवासी कुटुंबांतली.

बुरशी आलेला मका किंवा पेंड "जनावराला घालू" म्हणून वळवली, तरी सुटका नाही. जनावराच्या पोटातून ते विष रूप बदलून अफ्लाटॉक्सिन एम१ म्हणून दुधात उतरते आणि उकळल्याने जात नाही. आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात त्याच्या दहावा भाग.

तळणीचं तेल किती वेळा वापरता येतं?

किती वेळा, याला आकडा नाही. ते पदार्थावर आणि आचेवर ठरते. कायद्याने मोजायचे ते टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल तापून खराब होताना बनणारे घटक. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. जुलै २०१८ पासून हा नियम आहे. दिवाळीच्या फराळाच्या मोठ्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांनी हे मोजणारे हातातले यंत्र मिळून घ्यावे, असा माझा आग्रह असतो.

अहवाल यायला आठवडा का लागतो?

जंतू वाढायला लागणारा वेळ आमच्या हातात नसतो. एकूण जंतूंच्या गणनेला दोन ते तीन दिवस, बुरशीला पाच दिवस. साल्मोनेला २५ ग्रॅम पदार्थात एकही असता कामा नये. तो आधी पोषक द्रवात वाढवायचा, मग इतर जंतूंना दाबणाऱ्या द्रवात, मग प्लेटवर, आणि संशयित ठिपका दिसला तर पुन्हा खात्री करायची. जो एका दिवसात "साल्मोनेला नाही" असा कागद नेहमीच्या पद्धतीने देतो, त्याने ती चाचणी केलेलीच नसते.

प्रयोगशाळा कशी निवडायची?

एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आणि एफएसएसएआयची अधिसूचना, दोन्ही बघा. आणि मान्यता कशासाठी आहे, ते बघायला विसरू नका. मान्यता प्रयोगशाळेच्या पाटीला मिळत नाही. अमुक पदार्थात अमुक घटक अमुक पद्धतीने मोजण्यासाठी मिळते. ती यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

हा मुद्दा किती वजनाचा आहे, ते २०१५ च्या मॅगी प्रकरणात दिसले. जूनमध्ये शिशाच्या कारणावरून बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांच्या मान्यतेवरच प्रश्न होता. न्यायालयाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करवली. शिसे मर्यादेत निघाले.

अहवालात "आढळले नाही" लिहिलंय. म्हणजे शून्य?

म्हणजे त्या पद्धतीला जेवढे कमीत कमी मोजता येते, त्याहून कमी. ती मर्यादा शेजारी छापलेली असते. ही मोजणीची मर्यादा कायद्यातल्या मर्यादेपेक्षा बरीच खाली असेल तरच "आढळले नाही" या शब्दांना अर्थ आहे. एककही तपासा: पीपीएम म्हणजे किलोला मिलिग्रॅम, पीपीबी म्हणजे किलोला मायक्रोग्रॅम, हजारपटीचा फरक. तळाशी "नमुना जसा मिळाला तसा" हे वाक्य असते. त्याचा अर्थ, निकाल त्या नमुन्याचा आहे. तो जाहिरातीत "आमची सर्व उत्पादने प्रमाणित" म्हणून छापू नका.

पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर आहे, म्हणजे माल तपासलेला आहे?

नाही. चौदा आकडी नंबर म्हणजे उत्पादकाचा परवाना किंवा नोंदणी. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर नोंदणी. परवानाधारक उत्पादकाने किमान सहा महिन्यांतून एकदा तपासणी करून घ्यायची अट आहे. नोंदणीवाल्या छोट्या उद्योगांनीही वर्षातून एकदा तरी करावी, पावसाळ्यानंतर केली तर उत्तम, कारण ओलावा आणि बुरशी तेव्हाच घात करते.

अधिकारी दुकानातून नमुना घेऊन गेले. आता पुढे काय?

अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरिष्ठाकडे) राहतात, आणि तुम्ही तशी विनंती केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. ही विनंती त्याच वेळी करा, हे फार जणांना ठाऊक नसते. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते. मग ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत, म्हणजे फेरतपासणीसाठी नेमलेल्या प्रयोगशाळेत, जातो आणि तिचा निकाल अंतिम.

अहवालातले शब्दही नीट वाचा. 'कमी दर्जा' आणि 'मिथ्याछाप' (लेबल चुकीचे किंवा अपुरे) यांना दंड होतो, 'असुरक्षित' ठरले तर तुरुंगवासही होऊ शकतो. लेबलवर तारीख नीट छापली नव्हती म्हणून मिथ्याछाप ठरलेला माल आणि विषारी माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बातमी वाचतानाही हा फरक करा.

मी साधा ग्राहक आहे. मला तपासून घेता येतं का?

येते, आणि हा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगायचे. पदार्थ नियमात बसत नाही असा अहवाल आला, तर भरलेले शुल्क परत मिळते.

पदार्थ खाऊन घरात कोणी आजारी पडले असेल, तर आधी डॉक्टर. मग उरलेला पदार्थ फेकू नका, उघड्यावरही ठेवू नका. त्याच पाकिटात किंवा डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवा. रिकामे पाकीट, बॅच नंबर आणि बिल जपा, कोणी किती वाजता काय खाल्ले ते कागदावर लिहा, आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्या. दुकानात त्याच बॅचची पाकिटे शिल्लक असतील तर तेही तक्रारीत लिहा. अधिकाऱ्यांना नमुना तिथूनच घ्यावा लागतो.